डिझेल पिकअपची घरच्या घरी निगा आणि काही उपयुक्त सुधारणा

शेतात माल पिकविणे हे शेतीचे निम्मे काम होय. तो माल ताजा असतानाच बाजारात पोचविणे हे उरलेले निम्मे. नारायणगावच्या परिसरातील टोमॅटो असो, नाशिककडील भाजीपाला असो, की कोकणातील आंबा असो. लिलावाची वेळ कोणासाठी थांबत नाही. पूर्वी हे काम बैलगाडीवर व एस. टी.च्या टपावर भागविले जात असे. आज एक ते दीड टन माल वाहणारी डिझेल पिकअप गावोगाव दिसू लागली आहे आणि अनेक कुटुंबांचे उत्पन्न तिच्या चाकांवर अवलंबून आहे.

सायंकाळी क्रेट भरून वाशीच्या बाजारासाठी निघालेली अशी गाडी मध्यरात्री माळशेज घाटात बंद पडली, तर काय होते? दुसऱ्या गाडीचे भाडे द्यावे लागते, माल गरम होऊन नरम पडतो आणि सकाळचा भाव हातचा जातो. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस भरावाच लागतो. अशा प्रसंगांचा शोध घेतल्यास कारण बहुधा लहानसेच सापडते. डिझेलमध्ये उतरलेले पाणी, चोंदलेली गाळणी, बॅटरीचा ढिला जोड किंवा चिरलेला पट्टा, यांपैकी काहीतरी आधी कोणाच्या दृष्टीस पडलेले नसते. ही कारणे शेतकऱ्यास घरच्या घरी दूर करता येतात. त्यासाठी कोणती कामे स्वतः करावीत, कोणत्या सुधारणा उपयोगी आहेत आणि कोणत्या कामांस हात लावू नये, याचे विवेचन पुढे केले आहे.

डिझेल इंजिनाचे कार्य

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने या इंजिनाच्या पेटंटसाठी १८९२ साली अर्ज केला आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हे इंजिन विहिरीवरून परिचित आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही संस्था पुण्यात १९४६ साली स्थापन झाली आणि त्यानंतर विहिरींवर डिझेल इंजिनाचा आवाज घुमू लागला. ज्याने ते इंजिन हाताळले, त्याला पिकअपचे इंजिन समजण्यास अडचण पडू नये.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन सुमारे पंधरा ते वीस पट दाबतो. त्या दाबाने हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. हवा पुरेशी व स्वच्छ असली पाहिजे. डिझेल स्वच्छ व पाणीविरहित असले पाहिजे. आणि सिलिंडरची दाब धरून ठेवण्याची शक्ती टिकली पाहिजे, म्हणजेच वंगण व थंडावा योग्य असला पाहिजे. गाडीची जवळजवळ सर्व निगा या तीन गोष्टींसाठीच करावयाची असते.

पहिली सुधारणा : पाणी वेगळे करणारी गाळणी

डिझेलचा पंप व इंजेक्टर यांना वेगळे वंगण नसते. त्यांना डिझेलच वंगण पुरविते. त्यांच्या फिरत्या भागांमधील फट काही थोड्या मायक्रॉनची असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कामाची नजाकत ध्यानात येईल. अशा फटीत पाणी शिरल्यास वंगण नाहीसे होते, गंज चढतो व पंप निकामी होतो. पाणी फार दिवस टाकीत राहिल्यास पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळसर चिकट साका तयार होतो आणि तो गाळणी चोंदवितो.

पाणी येते कोठून? अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्पाचे दव होते. पावसाळ्यात सैल झाकणातून थेंब शिरतात. उघड्या पिंपातून डिझेल काढताना तळाचे पाणी व गाळ वर येतो. म्हणून टाकी सायंकाळी भरून ठेवावी. पिंपातील डिझेल चोवीस तास स्थिर ठेवून तळापासून चार बोटे वरूनच काढावे. डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेली भांडी वापरू नयेत, कारण जस्ताशी संयोग होऊन होणारे पदार्थ गाळणीत अडकतात.

जुन्या पद्धतीच्या गाडीत टाकी व पंप यांच्या दरम्यान पाणी वेगळे करणारी जादा गाळणी बसविता येते. खाली वाटी व तिला तोटी असलेली गाळणी घ्यावी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते वाटीत बसते व तोटी उघडून काढता येते. ती बसविण्याची रीत येणेप्रमाणे आहे :

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि जवळपास विडी-काडी पेटवू नये.

२. चॅसिसच्या आतील बाजूस, सायलेन्सरच्या नळीपासून दूर व चाकाच्या दगडांचा मार बसणार नाही अशी जागा निवडावी. गाळणी उभीच बसली पाहिजे.

३. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी ओळखावी. उरलेले डिझेल टाकीत परत आणणारी नळी वेगळी असते. तीत गाळणी बसवू नये. गाळणीवरील बाण इंजिनाच्या दिशेस असावा.

४. डिझेलसाठीच बनविलेली, मूळ नळीइतक्याच आतील व्यासाची नळी आणि पट्टीचे क्लिप वापरावेत. तारेने आवळलेला जोड चालणार नाही.

५. हातपंप मारून, हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व मग स्क्रू घट्ट करावा.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. टाकी व पंप यांमधील नळीत ओढ असते. तेथे जोड सैल राहिला तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून जोड कोरडा दिसतो आणि गाडी मात्र हवा धरते. गाडी वारंवार हवा धरत असल्यास प्रथम हेच जोड तपासावेत.

नव्या, संगणकनियंत्रित गाड्यांत अशी जादा गाळणी स्वतः बसवू नये. त्यांत पाणी वेगळे करण्याची सोय मूळचीच असते व पाणी साचल्यास समोर दिवा लागतो. दिवा लागताच पाणी काढावे. या गाड्यांतील इंधनाचा दाब एक हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनात त्या दाबाच्या नळ्या कधीही सैल करू नयेत. गळती शोधण्यासाठी बोट न लावता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. अशी धार कातडीत शिरल्यास जखम टाचणीएवढीच दिसते, परंतु डिझेल आत पसरून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तशी इजा झाल्यास दुखत नसले तरी त्वरित रुग्णालयात जावे.

दुसरी सुधारणा : हवेच्या गाळणीची राखण

शेतरस्त्यावरील धूळ ही इंजिनाची मोठी वैरीण होय. धुळीतील वाळूचा कण वंगणात मिसळला की तो सिलिंडर व रिंगा घासून काढतो. मग दाब कमी होतो, सकाळी गाडी सुरू होत नाही आणि धूर वाढतो.

कागदी गाळणी जमिनीवर आपटून झटकण्याची सवय सोडावी. आपटल्याने तिची कड वाकते आणि तेथून धूळ सरळ आत जाते. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारल्यास कागदास सूक्ष्म छिद्रे पडतात. कागदी गाळणी पाण्याने कधीही धुऊ नये. तपासण्यासाठी अंधाऱ्या खोलीत तिच्या आत लहान दिवा धरावा. कोठेही टाचणीएवढा प्रकाश ठळक दिसल्यास ती बदलावी. जुन्या गाडीत तेलाची गाळणी असल्यास तेल खुणेपर्यंतच ठेवावे आणि तळाशी चिखल साठला की ते बदलावे.

गाळणी व इंजिन यांमधील रबरी नळी दरमहा वाकवून पाहावी. तेथील एक चीर गाळणीचे सर्व काम व्यर्थ करते. गाळणी चोंदल्यास लाल खूण दाखविणारा निर्देशक बाजारात मिळतो. गाडीवर त्यासाठी मूळची जागा असेल तर तो जरूर बसवावा. जागा नसल्यास गाळणीच्या पुढच्या नळीस घरी भोक पाडू नये, कारण त्याचा कीस थेट इंजिनात जातो.

तिसरी सुधारणा : वंगण व लोहचुंबकी बूच

इंजिनातील ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही धूरनियंत्रणाची मानके लागू झाली. त्यानंतरच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडविणारी गाळणी असते. कमी राख सोडणारे ऑइल न वापरल्यास ती चोंदते. जुन्या गाडीसाठी आणलेले उरलेले ऑइल नव्या गाडीत घालणे म्हणूनच महागात पडते.

ऑइल काढताना इंजिन कोमट असावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून जातो. तळाच्या बुचाऐवजी लोहचुंबक असलेले बूच बसविणे ही स्वस्त व उपयुक्त सुधारणा आहे. मात्र त्याचे आटे मूळ बुचाशी तंतोतंत जुळले पाहिजेत आणि वायसर नवीन असावा. प्रत्येक वेळी चुंबकावर काय चिकटले ते पाहावे. पिठासारखी काळी भुकटी ही नेहमीची झीज समजावी. हातास लागणारे लोखंडाचे तुकडे किंवा कण दिसल्यास गाडी न चालविता मिस्त्रीस दाखवावी.

टर्बो असलेली गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नये. अर्धा ते एक मिनिट सावकाश चालू ठेवावी, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगला तेल मिळत राहते. काढलेले जळके ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडेच द्यावे.

चौथी सुधारणा : पाण्याऐवजी कूलंट

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. चुलीवरच्या भांड्यास जसा पांढरा थर बसतो, तसाच थर इंजिनाच्या आतील वाटांवर बसतो व उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये पुस्तिकेत सांगितलेला कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून घालावा. तयार मिश्रण मिळत असल्यास तेच सोयीचे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व किडे इंजिनाच्या बाजूने बाहेर जातील अशा रीतीने हलक्या धारेने धुवावेत. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. वाफेच्या उसळीने तोंड व हात भाजतात.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा दिसते. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन योग्य तापमानास पोचण्यास विलंब लागतो, डिझेल अधिक जळते आणि झीज वाढते. गरम होण्याचे खरे कारण चोंदलेला रेडिएटर, ढिला पट्टा किंवा थकलेला पाण्याचा पंप यांत शोधावे. कूलंटची पातळी कमी होताच वाजणारी घंटी मात्र बसवून घेण्याजोगी आहे, कारण चढावर चालकाचे लक्ष काट्याकडे नसते.

पाचवी सुधारणा : दिव्यांसाठी रिले

जुन्या गाडीत हेडलाइटचा सर्व विद्युतप्रवाह बारीक तारांतून व बटणातून जातो. त्यामुळे बटण तापते आणि प्रकाश मंद होतो. मग शेतकरी जादा वॅटचे बल्ब लावतो; तारा आणखी तापतात व समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. यावर खरा उपाय म्हणजे मूळच्याच वॅटचे बल्ब ठेवून त्यांना रिलेमार्फत थेट बॅटरीचा प्रवाह देणे.

रिलेवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे असतात. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमार्गे येणारी तार ३० ला, बल्बकडे जाणारी तार ८७ ला, जुन्या बटणाकडून येणारी तार ८६ ला आणि गाडीच्या अंगाशी जोडलेली तार ८५ ला लावावी. जवळच्या व दूरच्या प्रकाशासाठी वेगवेगळे रिले घ्यावेत. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर घेतो. दोन बल्बांचे १० अँपिअर होतात. त्यासाठी १५ अँपिअरचा फ्यूज व अडीच चौरस मिलिमीटरची तार पुरते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा, म्हणजे तार कोठेही घासली तरी आग लागणार नाही. काही गाड्यांत बटण ऋण बाजूस असते. तेथे ही जोडणी लागू पडत नाही. वायरमनचा सल्ला घ्यावा. संगणकनियंत्रित गाडीच्या तारा मुळीच कापू नयेत.

बॅटरीची टोके कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावीत, कोरडी करावीत व घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावावे. सोडविताना ऋण तार आधी व जोडताना ऋण तार शेवटी, हा नियम पाळावा. रात्रभर विश्रांती घेतलेल्या निरोगी बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसावा.

ज्या सुधारणा करू नयेत

अधिक माल भरता यावा म्हणून मागील स्प्रिंगांत जादा पाटा टाकून घेतला जातो. पाटा वाढला तरी ब्रेक, ॲक्सल व टायर पूर्वीचेच राहतात. गाडी मागे बसत नाही म्हणून भार सोसवला असे वाटते, आणि घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. म्हणून पाटे वाढविण्यापेक्षा असलेले पाटे निरखावेत, तुटलेला बदलावा, यू-बोल्ट आवळावेत आणि निपलांना ग्रीस द्यावे.

उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. डिझेल गाडीत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती बहुधा इंजिनावर चालणाऱ्या पंपापासून मिळते. इंजिन बंद पडले की दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. थोडे डिझेल वाचविण्याच्या नादात माणसे गमावण्याचा हा मार्ग आहे.

धूरनियंत्रणाची साधने काढून टाकणे किंवा बंद करणे हेही कायद्याविरुद्ध आहे. काही नव्या गाड्यांत धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे द्रावण वापरतात. घरात खताचे पोते आहे म्हणून तो युरिया पाण्यात विरघळवून टाकीत घालण्याचा मोह होईल. तसे मुळीच करू नये. २०१५ पासून देशातील खताच्या युरियास निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे आहे. त्या तेलाने व खतातील इतर अशुद्ध द्रव्यांनी फवाऱ्याचे तोंड व मौल्यवान उत्प्रेरक नष्ट होतात. शिवाय अनुदानाचे खत शेतीखेरीज अन्य कामास वापरणे हा अपराध ठरतो.

काम करताना घ्यावयाची खबरदारी

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढे-मागे ओंडके लावावेत आणि चॅसिसखाली लोखंडी घोडे ठेवावेत. विटा भाराखाली अकस्मात फुटतात. त्या वापरू नयेत. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. ब्रेकच्या आतील दुरुस्ती, स्टिअरिंग, इंजेक्टर व पंप ही कामे जाणत्या कारागिराचीच होत.

निगेचे वेळापत्रक

रोज : ऑइल व कूलंटची पातळी, गाडीखालील गळती, टायर, दिवे व ब्रेकचा पाय पाहावा.

दर आठवड्यास : थंड टायरमधील हवा मापकाने मोजावी, बॅटरीची टोके पाहावीत, गाळणीतील पाणी काढावे. पावसाळ्यात पाणी दर दोन दिवसांनी काढावे.

दरमहा : पट्टे, रबरी नळ्या, हवेची गाळणी, पाटे व यू-बोल्ट तपासावेत आणि ग्रीस द्यावे.

मृगापूर्वी : वायपर, ब्रेक, टायरच्या खाचा, टाकीचे झाकण व सर्व तारांची जोडणी पाहून घ्यावी.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर व भरलेले डिझेल एका वहीत लिहावे. गाडी एका लिटरमध्ये पूर्वीपेक्षा कमी धावू लागली, तर बिघाड होण्याआधीच वही तशी सूचना देते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

मे महिन्याच्या अखेरीस गावातील पिकअपधारकांचा एक दिवसाचा मेळावा भरवावा. तालुक्यातील अनुभवी मिस्त्रीस बोलावून पाणी काढणे, हवा काढणे, ग्रीस देणे व बॅटरीची निगा ही चार कामे प्रत्येकाकडून हाताने करवून घ्यावीत. ग्रीस गन, हवामापक, लोखंडी घोडे व व्होल्टमापक ही हत्यारे प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने एक संच घेऊन तो वहीत नोंद करून वापरावयास दिल्यास खर्च वाटला जातो. जुन्या गाळण्या व चिरलेले पट्टे जपून ठेवावेत आणि पुढील मेळाव्यात दाखवावेत. प्रत्यक्ष पाहिलेली वस्तू माणूस विसरत नाही.

बैलांना वैरण-पाणी केल्याशिवाय शेतकरी जेवावयास बसत नसे. पिकअपला रोजची दहा मिनिटे त्याच भावनेने दिल्यास तिची सेवा दीर्घकाळ मिळेल, रात्रीच्या प्रवासात चालक सुखरूप राहील आणि कष्टाने पिकविलेला माल पहाटेच्या बाजारात वेळेवर उतरेल.